राबाशेजारचं ट्रकयार्ड

ती घटना आजही आठवते असं म्हणण्यापेक्षा ती बाई आजही आठवते, असं म्हणणं जास्त खरं होईल. पोलिसांच्या नोकरीत मी चोर, भामटे, पुढारी आणि पुढाऱ्यांचे भाचे असे सगळे नमुने पाहिले. कुणापुढे मनातून मान झुकली असे लोक मात्र एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातली एक ही साठी उलटलेली, सही करताना जीभ दाताखाली धरणारी भातशेतकरी बाई. या लेखात कुणाचंच नाव लिहीत नाही. तिचं लिहायला मला आवडलं असतं, पण विचारायला गेलो तेव्हा तिनेच नको म्हटलं.

तेव्हा मी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्द विचित्र होती. एका अंगाला आनंदनगरचे कारखाने, दुसऱ्या अंगाला जांभूळकडे जाणारा रस्ता, आणि मधल्या पट्ट्यात जुने पाडे, भाताची खाचरं आणि दर सहा महिन्यांनी उगवणाऱ्या नव्या इमारती. कारखाने आले की ट्रक आले, आणि ट्रक आले की ते उभे करायला जागा हवी. रस्त्यावर लावले तर आम्ही दंड करायचो. मग ज्याच्याकडे मोकळी जमीन, त्याने मुरूम टाकायचा, भोवती पत्रे ठोकायचे आणि 'यार्ड' म्हणून पाटी लावायची.

असंच एक यार्ड पाड्याला चिकटून होतं. चाळीसेक ट्रक तिथे उभे असत. यार्डाच्या पूर्वेला पत्र्याचं कुंपण, कुंपणालगत एक गटार, गटारापलीकडे या बाईचं खाचर, खाचराला लागून तिचं घर आणि मागे पाडा. पाड्यापलीकडे नव्या इमारतींची एक रांग होती. इमारतीतले लोक दोन वर्षं अर्ज करत होते. पहाटेपासून हॉर्न, धूळ, डिझेलचा वास, मुलं खेळतात त्या रस्त्यावर मागे येणारे कंटेनर. राहत्या वस्तीत असं यार्ड चालतं का, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला होता. मी प्रत्येक अर्जावर 'बाब नगरपालिकेच्या अखत्यारीतील' असा शेरा मारून तो पुढे ढकलला. विकास आराखड्यात कुठली जमीन राहण्यासाठी आणि कुठली उद्योगासाठी, याला झोन म्हणतात एवढंच मला ठाऊक होतं. ही डोकेदुखी आपली नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं, आणि त्याची लाज मला पुढे वाटायची होती.

एप्रिलचा शेवट होता. दुपारी अडीचच्या सुमारास यार्डाच्या पूर्वेकडच्या भागात आग लागली. अग्निशमनच्या गाड्या पोहोचेपर्यंत सहा ट्रक जळाले होते. टायर फुटल्याचे आवाज ठाण्यापर्यंत येत होते. एका ट्रकच्या केबिनमध्ये जेवून आडवा झालेला उत्तरेकडचा एक वयस्कर ड्रायव्हर पाठीवर आणि दोन्ही हातांवर भाजला. त्याला उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात हलवलं.

संध्याकाळी ठाणे अंमलदाराकडे फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "कुंपणाशेजारच्या म्हातारीनं आज राब जाळला. तिचं यार्डवाल्यांशी जुनं भांडण आहे. बघा काय ते." फोन ठेवला गेला. स्टेशन डायरीत नोंद झाली.

इथे माझ्या अज्ञानाबद्दल लिहिलं पाहिजे. मी माणदेशातला. आमच्याकडे पावसाची वाट पाहण्यातच जन्म जातो, भाताचं रोप लावणं मी पुस्तकातच वाचलेलं. राब म्हणजे काय, हे मला आमच्या महिला हवालदाराने सांगितलं. ती वांगणीकडच्या शेतकरी घरातली. भाताचं रोप जिथे करायचं तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, झाडाचे टहाळे, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वरून मातीचा पातळ थर टाकायचा आणि पेटवायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, रोप जोमाने येतं. हे ऐकून माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की बाईने कुंपणाशेजारी आग लावली होती आणि यार्ड पेटलं होतं. प्रकरण सरळ होतं. मी खूश झालो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पंच घेऊन घटनास्थळी गेलो. काळा पडलेला राबाचा चौकोन कुंपणापासून वीसेक पावलांवर होता. मी तिथे उभा राहून सिगारेट पेटवली तर धूर सरळ यार्डाकडे गेला. पंचांना दाखवलं, तेही मान डोलावू लागले. पंचनाम्यात लिहिलं: राबाच्या जागेकडून यार्डाकडे वारा वाहत असल्याचे दिसून आले. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी तर फारच चांगलं आलं होतं.

यार्डाच्या मुकादमाने जबाब दिला. "साहेब, आईशप्पथ, डोळ्यांनी बघितलं. म्हातारी आली, काडी लावली, धूर झाला आणि ठिणग्या भसाभस आत. आम्ही ओरडलो पण ती ढिम्म."

"किती वाजता?"

"जेवणं झाली होती. सव्वादोन, अडीच."

बाईच्या घरी गेलो तर दाराला कडी. मनात म्हटलं, पळाली. शेजारी विचारलं तर कळलं, सकाळी पहिल्या रिक्षाने उल्हासनगरला गेली आहे, भाजलेल्या ड्रायव्हरला बघायला. मी सोबतच्या हवालदारबाईंकडे बघून हसलो. गुन्हेगाराचं मन खातं, असा माझा अनुभव होता.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करायची, म्हणून ती परत येईपर्यंत आम्ही तिच्या ओटीवर बसलो. अकराच्या सुमारास ती आली. काळीसावळी, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली, हातात रिकामा डबा. ड्रायव्हरसाठी तिने पेज नेली होती. आम्हाला बघून ती घाबरली नाही. आधी पाणी आणलं, मग खाली बसली.

"काल राब पेटवला होता का?" मी विचारलं.

"पेटवला ना."

"कबूल आहे?"

"पेटवला तं नाय कशाला बोलू? सकाळी पेटवला. सात-साडेसातला."

"यार्डवाले म्हणतात दुपारी पेटवला."

त्यावर तिने हातातल्या डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. चौकशीत माणूस असा चाळा करू लागला की आम्ही समजतो, आता कबुली येणार. मी कागद पुढे ओढला. पण ती जे बोलली ते मी कागदावर घेऊ शकलो नाही.

"साहेब, राब हळू जळतो. दुपारपत्तूर आत धग ऱ्हाते. तो मानूस लय भाजलाय. त्याच्या पाठीची कातडी गेलीय, मी बघून आले. माझ्या राबानं तो भाजला असंल तं मी जेलात जाईन, नाय बोलनार नाय. पन आधी मला ते बघू द्या. दुपारी अडीचला मला तिथं न्या. सकाळचं नको, दुपारचंच."

मला वाटलं, वेळ काढते आहे. दुपारी मला वरिष्ठांची बैठक होती. यार्डमालकाचे दोन फोन येऊन गेले होते आणि एका पुढाऱ्याचाही. आरोपी मिळाली का, एवढंच सगळ्यांना हवं होतं. तिला ठाण्यात आणून अटक दाखवायची, कोर्टात हजर करायचं, तीन वाजेपर्यंत सगळं उरकलं असतं. मी उठलो.

आमच्या हवालदारबाई सहसा तोंड उघडत नसत. त्या म्हणाल्या, "सर, तीन-साडेतीन तासांचा तर प्रश्न आहे. ती पळणारी असती तर पेज घेऊन दवाखान्यात कशाला गेली असती?"

मी त्यांच्यावर डाफरलो. मग बैठकीला उशिरा येतो असा निरोप पाठवला. का पाठवला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्या रिकाम्या डब्यामुळे.

दुपारी अडीचला आम्ही पुन्हा खाचरात उभे होतो. ऊन भाजत होतं. पंच नाराज, मुकादम कुंपणाआडून बघत होता. बाई राबाच्या काळ्या चौकोनात अनवाणी उतरली, वाकून मूठभर राख घेतली, हात डोक्यावर नेला आणि मूठ सोडली. सगळी राख माझ्या अंगावर आली. मी तिच्या पूर्वेला, घराच्या बाजूला उभा होतो. यार्ड होतं पश्चिमेला.

तिने पुन्हा मूठ भरली, पुन्हा सोडली. पुन्हा राख घराकडे.

"दुपारी वारा खाडीकडून येतो, साहेब. उन्हाळाभर असाच येतो. सकाळी डोंगराकडून येतो. तुमी सकाळी आला व्हता." तिने हात पदराला पुसले. "आनि वारा सुटल्यावर राब कोन पेटवंल? घर माझंच हाय ना त्या अंगाला. पाडाच पेटंल."

मी शर्टावरची राख झटकत राहिलो. ती आता बांधाकडे गेली होती. राबाच्या चारी बाजूंना हातभर रुंद पट्टा तिने आधीच खरवडून, पाणी मारून ठेवला होता. त्या पट्ट्यापलीकडचं सुकं गवत जसंच्या तसं उभं होतं. गवत जळलं होतं ते गटाराच्या काठाशी, कुंपणालगत, आणि तेही यार्डाच्या बाजूने आत आल्यासारखं. बांधावरच्या करवंदीची पानं कुंपणाकडून करपलेली आणि खाचराकडून हिरवी होती. ती एकेक ठिकाण पायाने दाखवत गेली. शेवटी खाली बसली आणि एकदम रडली. आपल्यामुळे माणूस भाजला नाही, म्हणून रडली. अटक टळली हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

गवत न जळल्याची ओळ माझ्याच पंचनाम्यात होती. सुंदर अक्षरात. मी ती लिहिली होती आणि तिचा अर्थ लावला नव्हता.

मग मनात शंकेची पाल चुकचुकली. दुपारी पेटवलेला राब मुकादमाला दिसला कुठून? त्याला ठाण्यात बोलावलं. खोटं बोलणाऱ्याची एक खूण मी सांगतो. खरं सांगणारा अडखळतो, मध्येच 'नाही नाही, आधी हे झालं' म्हणून मागे जातो. खोटं सांगणारा दर वेळी तेच वाक्य त्याच शब्दांत म्हणतो. मुकादमाने 'ठिणग्या भसाभस' चार वेळा म्हटलं. मी चहा मागवला आणि विचारलं, "राब कसा पेटवतात रे?"

"पाला गोळा करायचा, रॉकेल टाकायचं, काडी लावायची."

"वर माती नाही टाकत?"

"माती? माती टाकली तर जळणार कसं?"

हवालदारबाई खिडकीकडे तोंड फिरवून हसल्या. मातीचा थर असल्यामुळे राब धुमसतो, त्यातून ठिणग्या भसाभस उडत नाहीत. गडी दूरच्या जिल्ह्यातून कामाला आलेला, चार वर्षं त्या खाचराच्या कुंपणाआड राहिला आणि शेजारची बाई दर उन्हाळ्यात काय करते, हे त्याने एकदाही नीट बघितलं नव्हतं. मीही कुठे बघितलं होतं म्हणा.

तरीही तो कानावर हात ठेवून बसला. त्याला फोडलं ते उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सिंधी व्यापाऱ्याने. ट्रकच्या ताडपत्र्या शिवून देण्याचा त्याचा धंदा. यार्डाच्या गेटवरच्या वहीत आगीच्या दिवशी दुपारी त्याची एंट्री होती, म्हणून त्याला बोलावलं. यार्ड हे त्याचं मोठं गिऱ्हाईक. तो काही बोलणार नाही असं मला वाटलं होतं. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"साईं, मी माप घ्यायला गेला होता. वहाँ जुना ट्रक कापत होते, गॅस कटर से. मी बोललो, अरे बाबा, बाजू में टायर पड़ा है, डिझेल का ड्रम पड़ा है, हे काय करतो? मुकादम बोलला, तुम अपना माप लो. मैं माप लेके निकल गया. दस मिनट में धुआँ." थोडं थांबून म्हणाला, "वो बूढ़ी औरत का नाम आया ऐसा सुना. मेरे को नींद नहीं आई. लिखो, मैं साइन करता."

तो जबाब वाचून दाखवल्यावर मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने सगळं कबूल केलं: मालकाच्या सांगण्यावरून गाड्या कापल्या जात होत्या, ठाण्यातला तो निनावी फोनही त्याने स्वतःच केला होता, आणि 'म्हातारी राब जाळते, तिच्यावर ढकल' हे मालकाचे शब्द. तो हमसून रडायला लागला. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, म्हणाला. माझा राग त्याच्यावर टिकला नाही. मालकावर टिकला, आणि स्वतःवर.

पण एवढी धडपड कशासाठी? अपघात झाला म्हणून सांगता आलं असतं. उत्तर नगररचना विभागातल्या फाइलमध्ये होतं. यार्डाला परवानगी होती ती औद्योगिक क्षेत्रात ट्रक उभे करण्याची. फक्त उभे करण्याची, कापण्याची नाही. आग आतून लागली असं ठरलं असतं तर चौकशी झाली असती, मोजणी झाली असती, आणि मालकाला तीच नको होती. आराखड्यात उद्योग आणि रहिवास यांची सीमा म्हणून एक नाला दाखवला होता. नाल्याच्या पश्चिमेला उद्योग, पूर्वेला घरं. घरांच्या बाजूला उघड्यावर अवजड गाड्यांचा साठा करता येत नाही. जागेवर बघितलं तर कुंपणालगतचं ते गटार सरकारी कागदात 'नाला' म्हणून नोंदलेलं. म्हणजे सगळं यार्ड उद्योगाच्या बाजूला. कागद चोख.

हे मी बाईच्या ओटीवर बसून हवालदारबाईंना समजावत होतो. बाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"तो व्हाळ नाय, साहेब. तो तं मागल्या चार सालात जेसीबीनं खनला. व्हाळ आत हाय. करंजांच्या रांगेत."

यार्डाच्या ऐन मध्यावर करंजाची सात-आठ झाडं ओळीने उभी होती. ड्रायव्हर त्यांच्या सावलीत जेवत, म्हणून कुणी तोडली नव्हती. पाण्याच्या काठाने वाढतात तशी ती वाढली होती, आणि एवढे अधिकारी त्या यार्डात जाऊन आले, कुणालाही ती एका रेषेत का आहेत असा प्रश्न पडला नाही. मालकाने जुना ओहोळ मुरूम टाकून बुजवला, वस्तीच्या अंगाला चर खणून त्याला नाला म्हणवलं आणि यार्ड दुप्पट करून घेतलं. गाड्या कापल्या जात होत्या आणि आग लागली तो भाग सगळा रहिवासाच्या बाजूला होता.

मोजणीच्या दिवशी भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार गावाचा जुना नकाशा घेऊन आला. तरुण, चष्मेवाला, थोडा शिष्ट. बाई त्याच्या पुढे चालत होती. "इथून वळत व्हता. इथं आमी धुनं धुवायचो. इथं खेकडे धरायचो." तो आधी वैतागला. मग नकाशात बघायला लागला. मग तिच्या मागे मुकाट्याने चालायला लागला. तिच्या पावलांची रेघ आणि नकाशातली रेघ यांत काही हातांचाच फरक आला. दोन ठिकाणी खोदलं तेव्हा मुरमाखाली ओहोळातले गोल गुळगुळीत दगड आणि ओली वाळू निघाली. मोजणीदाराने वाळू हातात घेतली आणि बाईला म्हणाला, "आजी, आमच्या खात्यात या."

पुढचं सगळं सरकारी गतीने झालं. मुकादमावर आणि मालकावर हयगयीचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा दाखल झाला, खटला अजून चालू आहे. नगरपालिकेने पूर्वेकडचा अर्धा भाग खाली करायला लावला. मालक स्थगिती आणायला धावला, पण जुन्या नकाशापुढे त्याचं काही चाललं नाही. ओहोळ पुन्हा मोकळा केला. राहिलेल्या अर्ध्या यार्डाला वस्तीच्या बाजूने भिंत आणि मोकळी जागा सोडायला लावली. ट्रकवाल्यांचीही सोय झाली पाहिजे, ते काही शत्रू नाहीत. त्यांना कारखान्यांच्या पलीकडे जागा मिळाली. तो ड्रायव्हर वाचला. गावी जाण्याआधी बाईच्या घरी येऊन दोन दिवस राहिला, असं हवालदारबाईंकडून कळलं.

लोक विचारतात, या केसने तुम्हाला काय शिकवलं. एक तर झोनचा नकाशा वाचायला शिकवलं. जमिनीवरची रेघ ही माणसाच्या झोपेशी, श्वासाशी जोडलेली असते आणि ती सरकवली की कुणाचं तरी घर जळतं, हे कळलं. इमारतीतल्या लोकांकडे जाऊन मी त्यांच्या अर्जांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी चहा पाजला आणि बोलूनही दाखवलं. दोन्ही रास्तच होतं.

निवृत्तीच्या आठवड्यात मी बाईला भेटायला गेलो. नाव लिहू का, हे तेव्हाच विचारलं. मग म्हटलं, "मी तुम्हाला अटक करायला निघालो होतो. माफी मागायची राहिली होती."

ती हसली. "माफी कसली. तुमी दुपारी आलात ना, साहेब."

ती हे अगदी सहज बोलली आणि आत चहा ठेवायला गेली. मी ओटीवर बसून राहिलो. तिला वारा ठाऊक होता आणि 'दुपारी चला' म्हणायची हिंमत होती, म्हणून ती सुटली. नोकरीभर मी सकाळी आठला जाऊन, सुंदर अक्षरात किती पंचनामे लिहिले असतील. त्यांतल्या किती जणांना असं म्हणता आलं नसेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही.